पेनड्राइव्ह कुणाचा, हे आधी विचारा

एप्रिल उजाडला की सोलापुरातल्या पतसंस्थांमध्ये लेखापरीक्षणाचा हंगाम सुरू होतो. ऑडिटर साहेब येतात, सोबत आर्टिकलशिप करणारी एक-दोन पोरं असतात. चहा होतो आणि त्यातला एक जण खिशातून पेनड्राइव्ह काढून काउंटरवरच्या मॅडमपुढे ठेवतो. "मॅडम, ट्रायल बॅलन्स आणि खातेउतारे यात टाकून द्या ना." मॅडम पेनड्राइव्ह घेतात आणि सभासदांची सगळी खाती असलेल्या त्याच संगणकाला लावतात. तो सकाळी कुठल्या संस्थेत होता, काल रात्री कुणाच्या लॅपटॉपला होता, हे कुणी विचारत नाही. विचारायचं तरी कसं? समोर साक्षात ऑडिटर बसलेले असतात.

मी सोलापुरातल्या लहान-मोठ्या कार्यालयांचे संगणक सांभाळतो. पतसंस्था, दवाखाने, शाळा, सीए मंडळींची ऑफिसं, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे कारखाने. सगळीकडे हेच दृश्य दिसतं, फक्त पेनड्राइव्ह देणारा माणूस बदलतो. दवाखान्यात तो नातेवाइकाचा असतो, शाळेत केंद्रप्रमुखांचा, कारखान्यात मालकाच्या मुलाचा. अनुभवातून माझं एक मत पक्कं झालं आहे. कार्यालयातल्या संगणकाला बाहेरची कोणती वस्तू जोडता येईल, हे कार्यालयानं आधी ठरवून लिहून ठेवलं पाहिजे. तो नियम मालकापासून शिपायापर्यंत सगळ्यांना सारखा लागू झाला पाहिजे आणि तो माणसांच्या लक्षात राहण्यावर न सोडता संगणकातच बसवला पाहिजे.

यूएसबीचं पहिलं प्रमाण १९९६ मध्ये आलं. ते घडवणाऱ्या इंटेलच्या चमूतले अजय भट्ट मूळचे बडोद्याचे. त्या काळी प्रिंटरला एक वायर, माउसला दुसरी, मोडेमला तिसरी आणि प्रत्येकाची जुळवाजुळव वेगळी. हा ताप संपावा, कुठलीही वस्तू लावली की चालू व्हावी, एवढाच त्यांचा हेतू होता आणि तो पुरेपूर साधला. पण लावलं की चालू होणं ही सोय, लावणाऱ्याचा हेतू पाहत नाही. आलेल्या वस्तूनं "मी कीबोर्ड आहे" म्हटलं की संगणक तिला कीबोर्ड मानतो. २०१४ मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल या जर्मन संशोधकांनी हेच जगापुढे दाखवलं. पेनड्राइव्हच्या आतल्या चिपमधला प्रोग्राम बदलला की तो स्वतःची ओळख कीबोर्ड म्हणून करून देतो आणि माणसानं टाइप कराव्यात तशा आज्ञा टाइप करू लागतो. अँटिव्हायरस फायली तपासतो, पण इथे तपासायला फाइलच नसते.

सोलापुरात मात्र जर्मन संशोधकांची गरज पडली नाही. आपल्याकडे शॉर्टकट व्हायरस होता. ज्यांनी २०१०च्या आगेमागे कॉलेजचे प्रोजेक्ट छापून घेतले त्यांना तो आठवत असेल. झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह दिला आणि घरी येऊन उघडला की सगळ्या फोल्डरांच्या जागी बाणाची छोटी चित्रं. खरे फोल्डर लपवलेले, आणि चित्रावर दोनदा क्लिक केलं की व्हायरस आपल्या संगणकात. मायक्रोसॉफ्टनं २०११ मध्ये जुन्या विंडोजमधलं पेनड्राइव्ह लावताच आपोआप चालू होणं बंद केलं, तेव्हा बराच फरक पडला. पण क्लिक करणारा हात कोण बंद करणार? अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात संशोधकांनी आवारात २९७ पेनड्राइव्ह मुद्दाम टाकून ठेवले आणि २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. जवळजवळ सगळे उचलले गेले, आणि निम्म्याच्या आसपास पेनड्राइव्हमधल्या फायली लोकांनी उघडूनही पाहिल्या. शिकलेली, विद्यापीठातली माणसं होती ती. बहुतेकांना पेनड्राइव्ह कुणाचा आहे ते शोधून परत द्यायचा होता. चांगुलपणानं केलेल्या गोष्टीतूनही घात होतो, म्हणून "आमची माणसं शहाणी आहेत" या भरवशावर कार्यालय चालवता येत नाही.

आता आपल्या गावच्या धंद्याकडे येतो. माझे वडील पूर्व भागात जेकार्डचे पत्ते पंच करायचे. चादरीचं डिझाइन आधी चौकटीच्या कागदावर रंगवलं जायचं. मग त्यावरून एकेक पत्ता भोकं पाडून तयार व्हायचा, बाण्याच्या प्रत्येक धाग्याला एक पत्ता. कुठला ताणा उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा, हे ती भोकं मागाला सांगायची. सगळे पत्ते दोरीनं ओवून त्यांची माळ जेकार्डवर चढायची. एका मोठ्या डिझाइनचा संच उचलायला दोन माणसं लागायची. मालक जुने संच माळ्यावर रचून ठेवायचे. कुणी ते चोरायचं म्हटलं तरी हातगाडी आणावी लागली असती.

आज इलेक्ट्रॉनिक जेकार्डला पत्ते लागत नाहीत. डिझायनर संगणकावर फाइल करतो, ती पेनड्राइव्हवर घेतो आणि मागाच्या कंट्रोलरला लावतो. माळ्यावर मावणार नाहीत एवढी डिझाइनं अंगठ्याएवढ्या वस्तूत बसतात आणि ती वस्तू दिवसभर कारखान्यात या खिशातून त्या खिशात फिरत असते.

माझ्या ओळखीच्या एका कारखान्यात काय झालं ते सांगतो. निर्यातीच्या ऑर्डरसाठी त्यांनी टॉवेलच्या बॉर्डरला मोराचं नवं डिझाइन केलं होतं. पुढच्या हंगामात तोच मोर दुसऱ्याच्या मालावर दिसला. मालकांना आधी वाटलं, कुणीतरी बघून काढला असेल, धंद्यात असं चालतं. मग डिझायनरनं भिंग लावून पाहिलं. त्याच्याकडून पिसाऱ्याच्या डाव्या कडेला एक चौकट चुकून रंगली होती आणि नंतर ती दुरुस्त करायची राहून गेली होती. समोरच्या टॉवेलमध्ये तीच चूक, त्याच जागी. पाहून काढणाऱ्याकडून ती चूक होणं शक्यच नव्हतं. फाइलच गेली होती.

मला बोलावलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, या संगणकाला कोण कोण पेनड्राइव्ह लावतं? सगळेच लावत होते. डिझायनर, मागावरचा ऑपरेटर, यार्नचा हिशेब घेणारा, दुरुस्तीला येणारा मेकॅनिक, मालक स्वतः. विंडोज आपल्याला जोडलेल्या यूएसबी वस्तूंच्या खुणा ठेवतं आणि त्या तपासता येतात. पण मधल्या काळात तो संगणक फॉरमॅट झाला होता, खुणा पुसल्या गेल्या होत्या. मग काय झालं? संशय सगळ्यात तरुण पोरावर गेला, ऑपरेटरवर. त्याच्यावर कुणी आरोप केला नाही, पण त्याच्याशी बोलणं कमी झालं, चाव्या काढून घेतल्या, आणि दोन महिन्यांत तो काम सोडून गेला. त्यानं काहीच केलं नव्हतं असं मी म्हणत नाही. त्यानं काही केलं की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. माझ्या मते नियंत्रण नसण्याचं सगळ्यात मोठं नुकसान हे आहे. उघड्या पोर्टमुळे मालकाचं डिझाइन जातं आणि कामगाराची अब्रू जाते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण ते नावाचं रक्षण करतं. तुमच्या मोराचं रक्षण तुम्हालाच करावं लागतं.

मग करायचं काय? पुष्कळ जणांना वाटतं यूएसबी बंद करणं म्हणजे पोर्टमध्ये एम-सील भरणं. एका शाळेत मी ते खरंच पाहिलं आहे. तसं करायची काही गरज नाही. प्रत्येक यूएसबी वस्तू जोडली जाताना संगणकाला आपली ओळख सांगते: बनवणारी कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, आणि बहुधा स्वतःचा अनुक्रमांकही. या ओळखींची यादी करून संगणकाला सांगता येतं की एवढ्यांनाच आत घे, बाकी कुणी आलं तर जोडू नको. विंडोजच्या प्रो आवृत्तीत हे ग्रुप पॉलिसीतून होतं. होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसीचा संपादकच नसतो आणि लहान कार्यालयांत मला बहुतेक होमच दिसतं, कारण लॅपटॉपबरोबर तेच येतं. तिथे रजिस्ट्रीतून किंवा अँटिव्हायरसच्या डिव्हाइस कंट्रोलमधून काम करावं लागतं. त्यासाठी परदेशी कंपनीकडेच जायला हवं असंही नाही. पुण्यात संगणक दुरुस्तीतून वर आलेल्या काटकर बंधूंच्या क्विक हीलनं कार्यालयांसाठी केलेल्या सेक्राइटमध्ये ही सोय आहे. अगदी स्वस्तातल्या पेनड्राइव्हना कधीकधी स्वतंत्र अनुक्रमांक नसतो, म्हणून कार्यालयानं चांगल्या कंपनीचे मोजके पेनड्राइव्ह घ्यावेत, त्यांवर नंबर टाकावेत आणि ते सही घेऊन द्यावेत, सही घेऊन परत घ्यावेत. बँकेत लॉकरच्या चावीचं रजिस्टर असतं, तसंच हे.

पेनड्राइव्ह बंद केला की काम झालं, असं समजणारे मोबाइल विसरतात. पेनड्राइव्हसाठी रजिस्ट्रीत जी एक ओळ बदलली जाते, ती मोबाइलला अडवत नाही. मोबाइल वेगळ्या पद्धतीनं जोडला जातो आणि त्याला वेगळं अडवावं लागतं. त्यात कार्यालयातले निम्मे मोबाइल संगणकाला लावलेले असतात ते फक्त चार्जिंगसाठी. तिथे नियमाची पाटी लावून काही होत नाही. भिंतीवर सहा-आठ मोबाइल चार्ज होतील असा बोर्ड बसवून द्या. एका पतसंस्थेत आम्ही तो बसवला आणि आठवडाभरात संगणकाला लोंबणाऱ्या केबल आपोआप गेल्या. कर्मचाऱ्याची गरज भागवली की नियमाशी त्याचं भांडण राहत नाही.

बंदीच हवी असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही, त्याला आणखी एक कारण आहे. आपल्याकडे सरकारी कामाचा मोठा भाग यूएसबीवरच चालतो. डिजिटल सहीचं टोकन यूएसबी, अंगठ्याचं मशीन यूएसबी, बारकोडचा प्रिंटर यूएसबी. सगळंच बंद केलं तर जीएसटीचं रिटर्न भरायचं कसं? म्हणून यादी वस्तूच्या प्रकारानुसार करावी लागते. साठवणुकीच्या वस्तू अडवायच्या, टोकन आणि अंगठ्याचं मशीन येऊ द्यायचं, तेही ठरलेल्या संगणकावर.

टोकनचा विषय निघालाच आहे तर तिथे थोडं थांबतो. जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीत प्रिंटर दुरुस्त करायला गेलो होतो. संगणकाच्या मागे दोन टोकनं लावलेली होती, रबर बँडनं एकत्र बांधलेली. एक सरपंचांचं, एक ग्रामसेवकांचं. ऑपरेटर मुलगी म्हणाली, "दादा, ती काढू नका, परत लावायला त्रास होतो." दोन्हींचे पिन मॉनिटरच्या कडेला चिटकवलेले होते. गावाच्या निधीचं पेमेंट दोन जणांच्या सहीनं व्हावं अशी रचना कुणीतरी विचारपूर्वक केली, आणि ते दोन्ही हात एका रबर बँडमध्ये आले. त्या मुलीला दोष देऊ नका. तिला कामाचा उरक हवा आहे, सरपंच शेतात असतात, ग्रामसेवकांकडे आणखी गावं आहेत. पण उद्या काही वेडंवाकडं पेमेंट झालं तर पोलीस आधी तिच्याच दारात येतील. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या ४२व्या कलमानुसार, टोकनमधली आपली खासगी की (प्रायव्हेट की) आपल्याच ताब्यात ठेवण्याची काळजी ज्याच्या नावावर ती सही आहे त्यानं घ्यायची असते. टोकन आठवड्यातून ठरलेल्या दिवशी मालकानं स्वतः येऊन लावायचं आणि जाताना काढून न्यायचं, एवढं तरी व्हायलाच हवं.

"आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?" हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो. पतसंस्थेच्या संगणकात सभासदाचा आधार क्रमांक असतो, पॅन असतो, फोटो, सहीचा नमुना, मोबाइल नंबर, सोन्याच्या कर्जाचा हिशेब, वारसाचं नाव. एवढं सगळं एकत्र मिळालं तर फसवणाऱ्याला आणखी काय हवं? आणि त्यासाठी चोरच लागतो असंही नाही. जून २०२२ मध्ये जपानच्या आमागासाकी शहराच्या सगळ्या रहिवाशांची, म्हणजे सुमारे ४ लाख ६० हजार माणसांची माहिती असलेला पेनड्राइव्ह हरवला. नगरपालिकेचं काम करणाऱ्या ठेकेदाराचा माणूस तो पिशवीत घेऊन गेला, रात्री दारू प्याला, रस्त्यात झोपला, उठला तेव्हा पिशवी नव्हती. पिशवी पुढे सापडली आणि माहिती सांकेतिक स्वरूपात कुलूपबंद होती, म्हणून निभावलं. त्यातही पत्रकार परिषदेत अधिकाऱ्यांनी पासवर्ड किती अक्षरी आहे ते सांगून टाकलं. आपल्याकडे रस्त्यात हरवलेल्या पेनड्राइव्हला पासवर्डच नसेल, हे मी खात्रीनं सांगतो.

इंटरनेट नसलेला संगणक सुरक्षित असतो, हा दुसरा गैरसमज. इराणच्या नतांझ इथल्या अणुकेंद्राला हादरा देणारा स्टक्सनेट २०१० मध्ये उघड झाला. ते केंद्र इंटरनेटला जोडलेलं नव्हतं, आणि स्टक्सनेटची रचनाच पेनड्राइव्हवरून पसरण्यासाठी केलेली होती. त्याची लागण झालेल्या देशांत इराण आणि इंडोनेशियाच्या पाठोपाठ भारत होता. २०१२ मध्ये विशाखापट्टणमच्या नौदल तळावरच्या संगणकांबाबतही अशाच बातम्या आल्या. पेनड्राइव्हनं एक लपवलेला फोल्डर आणला, त्यात फायली गोळा होत गेल्या आणि तो पेनड्राइव्ह पुढे इंटरनेटच्या संगणकाला लागल्यावर त्या बाहेर गेल्या.

मला जास्त काळजी वाटते ती दवाखान्यांची. सोलापुरात धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गीहून पेशंट येतात आणि जुन्या तपासण्यांच्या सीडी, पेनड्राइव्ह सोबत आणतात. डॉक्टरांना ते पाहावेच लागतात, त्यांना नाही म्हणता येत नाही. पण पाहायचे कुठे? बहुतेक ठिकाणी ते रिसेप्शनच्या बिलिंगच्या संगणकावर लावले जातात, किंवा थेट सोनोग्राफीच्या मशीनला. त्या मशीनच्या आत जुनं विंडोज असतं, कंपनी त्यात अँटिव्हायरस टाकू देत नाही. अशा ठिकाणी उपाय एकच: नेटवर्कला न जोडलेला एक जुना संगणक वेगळा ठेवायचा, बाहेरचं सगळं तिथेच उघडायचं आणि पाहायचं. भंगारात द्यायला काढलेला पीसीसुद्धा या कामाला पुरतो. एका डॉक्टर मॅडमनी तो ओपीडीतच ठेवला आहे आणि त्यावर मोठ्या अक्षरांत "बाहेरच्या सीडी इथे" असं लिहिलं आहे. नातेवाईक आपणहून तिकडे जातात.

नियम नाहीत असं नाही. रिझर्व्ह बँकेनं १९ ऑक्टोबर २०१८ रोजी नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली. त्यात पेनड्राइव्हसारखी साधनं मुळातच वापरू द्यायची नाहीत, द्यायचीच तर ठरावीक कामासाठी आणि ठरावीक मुदतीसाठी परवानगीनं, असं स्पष्ट सांगितलं आहे. पण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत, त्या सहकार खात्याच्या. त्यामुळे रस्त्याच्या या बाजूच्या बँकेत जो पेनड्राइव्ह अडतो, तो समोरच्या पतसंस्थेत बिनदिक्कत लागतो. सभासद मात्र दोन्हीकडे तेच असतात, भाजीवाले, विडी कामगार, यंत्रमाग कामगार. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला दीड वर्षाची मुदत दिली आहे. मुदत संपायची वाट बघत बसण्यात शहाणपण नाही, पण दंडाच्या भीतीनं हे व्हावं असंही मला वाटत नाही. आपल्या माणसांची माहिती आपल्याकडे ठेव म्हणून आलेली आहे, तिची राखण ठेवीसारखीच व्हायला हवी.

म्हणून माझी मागणी सहकार खात्याकडे आहे, आणि ती अगदी छोटी आहे. पतसंस्थेच्या वैधानिक लेखापरीक्षणात एक प्रश्न वाढवा: संस्थेच्या संगणकांना कोणती साधनं जोडायची परवानगी आहे, याची यादी आहे काय, आणि ती संगणकात लागू केली आहे काय? प्रश्न अहवालात आला की संचालक मंडळाच्या सभेत येईल, तिथे आला की माझ्यासारख्याला फोन येईल. त्याआधी ऑडिटर मंडळींनी स्वतःपासून सुरुवात करावी. पेनड्राइव्ह घेऊन जायचं बंद करा. संस्थेला सांगा, तुमचाच नंबर टाकलेला पेनड्राइव्ह द्या, आम्ही आमच्या लॅपटॉपवर त्यातून फायली फक्त घेऊ. आम्ही परत दिल्यावर तो वेगळ्या संगणकावर तपासून फॉरमॅट करा आणि मगच खात्यांच्या संगणकाजवळ येऊ द्या. गेल्या वर्षी माझ्या एका पतसंस्थेत मॅडमनी हे ऑडिटर साहेबांना धीर करून सांगितलं. साहेब क्षणभर थांबले, मग सोबतच्या पोराला म्हणाले, "बरोबर बोलतायत त्या. तुझा ठेव खिशात."